ठेवणीतली

टाचणी टोचली याचं थोरलीला काहीच वाटलं नाही. शिवणाऱ्या बाईला टाचणी टोचणं म्हणजे स्वयंपाक करणारीला वाफ लागणं. त्याला कोणी ‘अगं बाई गं’ म्हणत बसत नाही. डाव्या तर्जनीच्या टोकावर थेंब आला, तिनं तो सवयीनं चोखला आणि पुन्हा कॉलरला हात घातला. तेवढ्यात कॉलरच्या पांढऱ्या पट्टीवर मोहरीएवढा तांबडा ठिपका उमटलाच. हेही नवं नव्हतं. या दुकानात नुसते गणवेश शिवत. परिचारिकांचे, आचाऱ्यांचे, जहाजावरच्या लोकांचे. वर्षाचे बारा महिने पांढरंच कापड, आणि पांढऱ्यावर रक्त सांडलं तर काय करायचं ते इथं पहिल्या दिवशीच शिकवत. मास्तरांनी तिलाही शिकवलं होतं. पाणी नाही, साबण नाही. पांढऱ्या दोऱ्याचा छोटा बोळा करायचा, तोंडात घोळवायचा, चांगला ओला झाला की डागावर टिपायचा. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी. दुसऱ्याची चालत नाही. ऐकायला किळसवाणं वाटतं खरं, पण डाग असा जातो की कापडालासुद्धा आठवत नाही. थोरलीनं पाच वर्षांत हा उपाय पन्नास वेळा केला असेल. तिनं बोळा केला, घोळवला, टिपला. डाग गेला नाही. पसरला. मोहरीचा वाटाणा झाला, फिकट गुलाबी. बोट लागलं असेल म्हणून तिनं बोट चिंधीत गुंडाळलं आणि दुसरा बोळा तोंडात धरला. या वेळी तो कापडाला लावण्याआधी तिनं डोळ्यांसमोर धरून पाहिला. बोळाच गुलाबी होता.

“काय गं, रंगकाम काढलंस की काय?” समोरच्या टेबलावरून मास्तर म्हणाले. मास्तर म्हणजे दुकानातले कापणारे, सत्तरीला टेकलेले, कानामागे खडू आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांना न बघता दिसायचं. “अक्कलदाढ येतेय,” थोरली म्हणाली. “हिरडी सुजलीय.” “तेविसाव्या वर्षी? ये म्हणावं, उशिरा का होईना.” मग त्यांनी उरलेल्या कापडातून नवी पट्टी काढून तिच्याकडे सरकवली. “आणि ते दातानं दोरा तोडणं बंद कर आधी. शंभरदा सांगितलं तुला. माणसाला दात चावायला दिलेत. त्यानं हिरड्या सोलवटतात आणि मग दाढेच्या नावानं खडे फोडता.” त्यांनी गळ्यात अडकवलेली दोरा कापायची आपली छोटी कात्री काढली आणि तिच्यापुढे टाकली. “ही ठेव खिशात. चोवीस तास. परत दात लावलेला दिसला तर बघ.” थोरली हसली, कात्री खिशात घातली, आणि नवी पट्टी जोडायला घेतली. चिंधीतून बोट अजून पाझरत होतं. तिनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिलं. टाचणी टोचून पंचवीस मिनिटं झाली होती. टाचणीचं रक्त एवढा वेळ थांबत नाही. टाचणीचं रक्त म्हणजे काय ते, आलं नि गेलं. मनात पाल चुकचुकली म्हणतात, तसं नव्हतं हे. मनात कोणीतरी जुन्या ओळखीचं माणूस येऊन खुर्चीत बसलं होतं आणि तिला बघून हसतसुद्धा नव्हतं.

शर्ट धाकटीचा होता, हाच तर सगळा घोळ. गिऱ्हाइकाचा असता तर थोरलीनं रजा टाकली असती, घरी जाऊन आईला सांगितलं असतं, दोघींनी मिळून रडून घेतलं असतं आणि दवाखान्याच्या रांगेला लागल्या असत्या. पण धाकटी शुक्रवारी सकाळी नऊ वाजता निघणार होती. जहाजावर शिकाऊ अधिकारी म्हणून तिची निवड झाली होती. नऊ महिने पाण्यावर, मध्ये उतरणं नाही, आणि जहाज काही कोणासाठी मागे वळत नाही. सहा पांढरे शर्ट लागणार होते आणि थोरलीनं मास्तरांना सांगून ठेवलं होतं, सहाच्या सहा मी शिवणार, तुम्ही फक्त कापून द्या. हा सहावा. आज मंगळवार. बुधवार, गुरुवार, आणि शुक्रवारची सकाळ. तिनं मनातल्या मनात एवढंच ठरवलं की तोवर ताकास तूर लागू द्यायची नाही. तीन दिवसांनी असं काय मोठं बिघडणार आहे? आणि मग तिलाच आठवलं की या दुखण्यात तीन दिवसांनी बिघडतं. तिच्याइतकं ते कोणाला माहीत असणार?

दुकानातून सुटल्यावर ती चालतच निघाली. घराच्या पायऱ्यांशी आल्यावर तिनं भिंतीला टेकून सलवारीची कड वर केली. नडगीवर दोन निळे डाग होते, एक जुना पिवळसर, एक ताजा. कुठं आपटलं ते आठवेना. बाराव्या वर्षीही आठवलं नव्हतं. तेव्हा आईनं आधी तिला रागावून घेतलं होतं, कुठं धडपडतेस, मुलीच्या जातीनं जरा बघून चालावं. मग शाळेच्या बाईंना जाब विचारला होता, बाकं एवढी जवळ का ठेवता. आणि मग एका सकाळी न्हाणीघरात थोरलीची पाठ चोळताना आईचा हात मध्येच थांबला होता. पाठ कुठल्या बाकाला लागत नाही. तो थांबलेला हात थोरलीला अजून पाठीवर जाणवायचा. त्यानंतरची तीन वर्षं तिला सलग आठवत नाहीत. वास आठवतात. सुई टोचण्याआधी चोळायच्या स्पिरिटचा, उकळून गार केलेल्या पाण्याचा, तोंडातल्या फोडांना लावायच्या जांभळ्या औषधाचा. केस गेले त्याचं तिला फारसं वाटलं नाही, पापण्या गेल्या त्याचं वाटलं, कारण पापण्यांशिवाय रडलं की पाणी अडत नाही, सरळ ओघळतं, आणि मग आईला कळतं. शेजारच्या खाटेवर खिडकीवाली होती. चौदा वर्षांची, खिडकीची खाट मिळाली म्हणून मिजास करणारी. तिनं थोरलीला रिपोर्ट वाचायला शिकवला. “वरचं सगळं पाल्हाळ असतं,” ती म्हणायची. “तिसरी ओळ बघायची. पांढऱ्या पेशी. आकडा मोठा की आपली मोठी सुट्टी.” आणि आणखी एक गोष्ट तिनं शिकवली. “लोकांचे आवाज ऐक. ओरडतायत तोवर बरंय. गोड बोलायला लागले की समज.” एका सकाळी झाडूवाल्या बाई खिडकीवालीशी फार गोड बोलल्या. दोन दिवसांनी खाटेवर नवी चादर होती आणि परिचारिकेनं थोरलीला विचारलं, तुला हवीय का गं आता खिडकीची जागा? थोरलीनं हो म्हटलं. त्या ‘हो’ची लाज तिला अकरा वर्षं पुरली होती, आणि तरी खिडकीतून दिसणारं ते वाहनतळ किती सुंदर होतं हेही ती विसरली नव्हती.

धाकटी तेव्हा आठ वर्षांची. तिला एक दिवस दवाखान्यात आणलं, हाताचं रक्त घेतलं आणि बक्षीस म्हणून रंगपेटी दिली. आठवड्यानं डॉक्टरांनी आई-वडिलांना बोलावून सांगितलं की औषधांचा गुण येतोय, आत्ता काही करायची गरज नाही, पण बहिणीचा हाडातला मगज हिच्याशी तंतोतंत जुळतो. सोळा आणे. हे लक्षात ठेवा. दुखणं परत आलं तर हीच उपयोगी पडेल. डॉक्टर बिचारे चांगल्या मनानं बोलले. पण त्या दिवसापासून धाकटी घरात धाकटी राहिली नाही. घरात ठेवणीतले कपडे असतात ना, रोज वापरायचे नाहीत, कसर लागू द्यायची नाही, प्रसंगाला लागतील म्हणून घडी घालून ठेवायचे, तशी ती झाली. थोरली बरी झाली, केस आले, पापण्या आल्या, वडील मात्र दोन वर्षांनी दुपारी जेवून हात धुताना गेले. म्हणजे घरात मरणार म्हणून सगळे जिच्याकडे बघत होते ती बसून राहिली आणि बघणारा गेला. त्यानंतर तर आईनं धाकटीला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सायकल नाही, झाडावर चढणं नाही, सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध, कोणी शिंकलं की तिला दुसऱ्या खोलीत. लोकांना वाटे धाकटी लाडकी. धाकटीलाही तसंच वाटे. तेराव्या वर्षी तिला उलगडा झाला. कशावरून तरी दोघी बहिणी भांडत होत्या, केस ओढेपर्यंत आलं होतं, आणि आई धावत येऊन थोरलीला ओरडली, “सोड तिला! तिला काही झालं तर तुझंच मरण आहे!” धाकटीनं केस सावरले, त्या दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, “असं होय.” एवढंच. त्या दिवसापासून तिनं दूध प्यायचं सोडलं.

जहाजाची गोष्ट निघाली तेव्हा आईनं अंथरूण धरलं. दुधानं तोंड पोळलेलं माणूस ताकही फुंकून पितं, आई तर समुद्रालाच फुंकर घालायला निघाली होती. समुद्र केवढा, तिथं डॉक्टर कुठला, मुलीच्या जातीनं एवढ्या पुरुषांत राहायचं, सगळी कारणं झाली. धाकटी ऐकत होती, नखं खात होती. शेवटी आईच्या तोंडून खरं निघालं. “आणि गरज पडली तर?” कोणाला कशाची गरज ते कोणी विचारलं नाही. धाकटीनं मान खाली घातली. तिची ती खाली गेलेली मान थोरलीला बघवेना. ती उठली आणि म्हणाली, “मला काही होणार नाही. आठ वर्षं झाली औषध सुटून. डॉक्टरांनीच फाइल मिटलीय. जाऊ दे तिला. माझा शब्द आहे.” शब्द काय, कोणीही देतं, शब्दाला काही रक्त तपासून बघायचं नसतं. पण धाकटीनं मान वर केली आणि तिच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तसं थोरलीकडे आयुष्यात कोणी पाहिलं नव्हतं. लोक तिच्याकडे कीव करत बघत किंवा घाबरून बघत. धाकटीनं तिच्याकडे मोठ्या बहिणीकडे बघतात तसं पाहिलं होतं.

आईचा एक हात होता. म्हणजे दोन होते, पण एक थोरलीसाठी राखीव. रोज सकाळी आई तिला चहा द्यायची आणि केस मागे सारण्याच्या निमित्तानं कपाळावर तळवा टेकवायची. अकरा वर्षं, एक दिवस चुकला नाही. दोघींपैकी कोणीही कधी त्याला ‘ताप बघणं’ म्हटलं नव्हतं. बुधवारी थोरलीला उठतानाच कळलं, डोळ्यांच्या मागे ऊन पडल्यासारखं वाटत होतं. ती नळाखाली गेली, गार पाण्यानं कपाळ धुतलं, पुन्हा धुतलं, आणि न पुसताच येऊन बसली. आईनं चहा ठेवला. हात आला, टेकला, नेहमीपेक्षा कणभर जास्त थांबला आणि गेला. “पुसावं माणसानं,” आई म्हणाली. “सर्दी होते.” आणि ती धाकटीच्या बॅगेचं कुलूप कसं उघडतं ते बघायला गेली. निभावलं, थोरलीला वाटलं. चोरी पचल्याचा आनंद आणि चोरी पकडली गेली नाही याचं दुःख, दोन्ही एकदम घशाशी आलं. कोणीतरी पकडावं असं आपल्याला वाटतंय की काय, हा विचार तिनं चहाबरोबर गिळला.

दुपारी जेवायच्या सुट्टीत ती एका प्रयोगशाळेत गेली, तीन रस्ते पलीकडच्या, जिथं तिला कोणी ओळखत नव्हतं. सुई लावणाऱ्या मुलीनं विचारलं, भीती वाटते का? थोरली म्हणाली, मला विचारू नकोस, तुझा हात थरथरेल. संध्याकाळी सहा वाजता रिपोर्ट घ्यायला गेली तेव्हा खिडकीवरचा माणूस समोरच्या म्हाताऱ्यावर खेकसत होता. पावती कुठाय, सुटे नाहीत का, बाजूला व्हा. मग त्यानं थोरलीची पावती घेतली, पाकिटं चाळली, एक पाकीट काढलं, त्यावर चिकटवलेली चिठ्ठी वाचली आणि वर पाहिलं. “बसता का जरा, ताई?” तो म्हणाला. “पाणी देऊ?” खिडकीवाली तिच्या शेजारी उभी होती, चौदा वर्षांचीच, बिनपापण्यांची. “तुमच्याबरोबर घरचं कोणी मोठं आहे का?” त्यानं विचारलं. “मीच मोठी,” थोरली म्हणाली. त्यानं पाकीट दिलं. बाहेर येऊन तिनं फक्त तिसरी ओळ वाचली. मग कागदाच्या चार घड्या केल्या, आणि मास्तरांची कात्री होती त्याच खिशात सारल्या. रस्त्यावर लोक भाजी निवडत होते, एक बाई फोनवर कोणाला तरी शिव्या घालत होती. त्या बाईनं आपल्यालाही चार शिव्या घालाव्यात असं थोरलीला फार वाटलं.

गुरुवारी दुपारी मास्तरांनी तिला लवकर सोडलं. उद्या बहीण जायची, आज काय मनानं शिवणार तू, म्हणाले. घरी धाकटी आरशासमोर उभी राहिली आणि थोरलीनं सहावा शर्ट तिच्या अंगात घातला. बाह्या बघितल्या, खांदे बघितले. तिच्या खिशात कात्री होती, दोरा ती कात्रीनंच कापत होती, तोंड मिटलेलं ठेवत होती. हसायचं तर ओठ न उघडता. धाकटी बडबडत होती. तिथं चार तास पहारा आणि आठ तास सुट्टी असते, ताऱ्यांवरून वाट काढायला अजून शिकवतात म्हणे, मला उलट्या झाल्या तर तुला सांगणार नाही, आईला तर मुळीच नाही. “एवढी गप्प का गं तू? मी जाणार म्हणून माझी खोली मिळणार, त्याचा आनंद लपवतेयस का?” “मिळाली की पडदे बदलणार,” थोरली म्हणाली. ती टेप घेऊन धाकटीच्या छातीभोवती गेली आणि त्या क्षणी तिच्या हातांना ते अंग लागलं. भरलेलं, ऊबदार, एकोणीस वर्षांचं. या कातड्याखाली हाडं आहेत आणि हाडांत माझं औषध आहे, असं तिच्या मनात आलं. नुसतं आलं नाही, उभं राहिलं. हे माझं आहे. हिला दिलं असेल देवानं घालायला, पण माझ्या मापाचं कापलंय. आणि ही ते घेऊन पाण्यावर चाललीय, नऊ महिने, ताऱ्यांवरून वाट काढायला. असा राग आला थोरलीला की टेप जरा जास्तच आवळली गेली. “अगं, जीव घेशील!” धाकटी हसत ओरडली. थोरलीनं टेप सोडली. तिला आठवलं, खिडकीची जागा हवीय का असं विचारल्यावरही आपण क्षणभर थांबलो नव्हतो. आपण मुळात तसेच आहोत की दुखण्यानं तसं केलंय, हे तिला कधी कळलं नव्हतं. “छत्तीस,” ती म्हणाली. “बरोबर आहे. काही उसवायला नको.”

शुक्रवारी सकाळी तिनं पुन्हा कपाळ धुतलं, आईचा हात आला आणि गेला. धाकटी तयार होऊन बाहेर आली. पांढरा शर्ट, काळी पँट, केस घट्ट मागे बांधलेले. आई तिच्याकडे बघत राहिली आणि काहीच बोलली नाही, ना दुधाचं, ना समुद्राचं. बॅगा दाराशी होत्या. टॅक्सी खाली येऊन उभी राहिली, चालकानं दोनदा हॉर्न वाजवला. धाकटीनं वाकून मोठी बॅग उचलली, पट्टा खांद्यावर टाकला, आणि पट्ट्यानं शर्टाचं दुसरं बटण ओढलं गेलं. तुटलं नाही, एका दोऱ्यावर लोंबकळायला लागलं. “गेलं!” धाकटी म्हणाली. “राहू दे, तिथं लावीन.” “पहिल्या दिवशी उघड्या छातीनं जाणार का बोटीवर? उभी राहा,” थोरली म्हणाली. सुई-दोरा तिच्या ओढणीला कायम टोचलेला असे. तिनं शर्ट अंगावर असतानाच बटण धरलं आणि टाके घालायला लागली. एक, दोन, तीन, चार. हात मुळीच थरथरला नाही. सुई त्या ऊबदार छातीपासून दोन सुतांवरून येत-जात होती. हा शेवटचा टाका, मग ही जाईल, मग जिना, मग टॅक्सी, मग पाणी. हॉर्न पुन्हा वाजला. थोरलीनं बटणाखाली दोरा तीनदा गुंडाळला, गाठ मारली, मान खाली घातली आणि दातानं दोरा तोडला.

तिनं तोंड वर घेतलं तेव्हा धाकटी आपल्या छातीकडे बघत होती. बटणाच्या शेजारी, शुभ्र कापडावर, ओठांच्या आकाराचा लाल ठसा होता. “टोचलं का तुला?” धाकटीनं विचारलं. “ओठाला टोचलं,” थोरली म्हणाली. “थांब, आत्ता काढते.” काढते म्हणाली आणि जागच्या जागी उभी राहिली. धाकटीला हा उपाय माहीत होता, दुकानातल्या सगळ्या गोष्टी थोरलीनं तिला जेवताना सांगितलेल्या होत्या. तिनं बॅग खाली ठेवली. “मग काढ ना. ज्याचं रक्त त्याचीच थुंकी.” धाकटीनं आपला हात पुढे केला, तळवा वर. “थुंक, ताई.” “अगं, टॅक्सी...” “थुंक इथं.” असा आवाज थोरलीनं तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. ती थुंकली. तळहातावर पडलं ते लाल होतं. गुलाबी नव्हे, नुसती झाक नव्हे, चांगलं लाल.

“कधीपासून?” “मंगळवार.” “तपासलंस?” थोरलीनं खिशातून चार घड्यांचा कागद काढून दिला. धाकटीनं तो उघडून वरपासून खालपर्यंत वाचला. तिला तिसऱ्या ओळीचं कोणी सांगितलं नव्हतं. मग ती आईकडे वळली. आई भिंतीला धरून उभी होती. आईच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता, हे दोघींनाही एकदमच दिसलं. “मला माहीत होतं,” आई म्हणाली. “म्हणजे माहीत कसं म्हणू? बुधवारपासून कपाळ ओलं लागतंय. ओल्याखाली तापलेलं असतं ते काय मला कळत नाही? दहा वेळा तोंडाशी आलं. मग हिच्या बॅगेकडे बघायचे. म्हटलं, अकरा वर्षं हिला बांधून ठेवली, आता एवढी दारात उभी आहे तर जाऊ दे एकदाची. गाडी गेली की विचारीन थोरलीला. दुसरं कोणी जुळतंय का बघू. नाहीच जुळलं तर...” आईनं पदर तोंडात कोंबला.

“वा,” धाकटी म्हणाली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज रागानं कापत होता. “दोघींनी मिळून ठरवलंत. आठ वर्षांची होते तेव्हा माझं रक्त काढलंत, मला विचारलं नाहीत. आता मला सोडून दिलंत, तेही विचारलं नाहीत. मी नऊ महिन्यांनी परत आले असते आणि मग मला कोणी सांगितलं असतं? मास्तरांनी?” खाली हॉर्न लांबलचक वाजला. धाकटी खिडकीशी गेली आणि ओरडली, “जा तुम्ही! नाही यायचं!” मग ती परत थोरलीसमोर येऊन उभी राहिली आणि तिनं शर्टाची बटणं वरून काढायला सुरुवात केली. पहिलं निघालं. दुसरं, आत्ताच लावलेलं, निघता निघेना. थोरलीनं ते फार घट्ट लावलं होतं. “धूत बसू नकोस याला आता,” धाकटी म्हणाली. “दवाखान्यात कुठलं घालू? सैल काहीतरी दे.”

थोरली कपाट उघडायला वळली. तिला रडू यायला हवं होतं. शब्द दिला होता, तो मोडला होता. त्या शब्दासाठी आईनं तीन दिवस जीभ चावून धरली होती, आई, जी अकरा वर्षांत एक सकाळ चुकली नव्हती. टॅक्सी गेल्याचा आवाज आला. आणि तो ऐकताना थोरलीच्या पोटातून काहीतरी वर आलं, ऊबदार, हलकं, आणि तिनं ते लगेच ओळखलं. तो आनंद होता. खिडकीची खाट मिळाली तेव्हा झाला होता तोच. तिनं सैल सदरा काढण्यासाठी ओणवी होताना खिशात हात घातला, सवयीनं, काहीतरी धरायला. मास्तरांची कात्री तिथंच होती. मंगळवारपासून होती, काल दिवसभर तिनं दोरा हिनंच कापला होता, आज सकाळी कपडे बदलतानाही ती या खिशातून त्या खिशात आठवणीनं घातली होती. मघाशी बटण लावताना ती मांडीला टोचतसुद्धा होती. “मिळाला का सदरा?” मागून धाकटीनं विचारलं. “मिळाला,” थोरली म्हणाली, आणि कात्री खिशातच घट्ट मुठीत धरून उभी राहिली.